डिव्हाइस ट्रीतले १.४ व्होल्ट आणि केबलमध्ये हरवलेले ०.७

प्रश्न लांब होता, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत सांगतो. म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तुम्हाला लगेच कळेल. नागपुरात कळमन्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तापमानाची नोंद ठेवायला तुम्ही ऑरेंज पाय वन हा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड बसवला आहे. पॅनलमध्ये १२ व्होल्टचा एसएमपीएस (लाइनच्या विजेवरून डीसी देणारा सप्लाय), त्याला लागून एलएम२५९६ चं तयार बक मॉड्यूल (जास्त व्होल्टचे कमी करणारं), तिथून दीड मीटर केबलने पाच व्होल्ट बोर्डापर्यंत, आणि बोर्डाला यूएसबीचं फोरजी डोंगल. ऑफिसच्या टेबलावर आठवडाभर बिनतक्रार चाललं. साइटवर मात्र दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बोर्ड आपोआप रीबूट होतो. तुम्ही बकचा प्रीसेट, म्हणजे व्होल्टेज ठरवणारा स्क्रू, फिरवून ५.३ व्होल्ट केले, फरक पडला नाही. मग डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीत, सीपीयूच्या वेग-व्होल्टेजच्या टेबलात १.४ व्होल्ट लिहिले, तरी फरक नाही. डोंगल दुरून बंद-चालू करता यावं म्हणून मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला, त्याची नोंद डिव्हाइस ट्रीत केली, आणि तेव्हापासून बोर्ड बूट झाल्यावर अर्ध्या मिनिटात "हँग" होतो. शेवटी तुम्ही विचारलंय की आता व्होल्टेज किती सेट करू?

भाऊ, सध्या काहीच सेट करू नका. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळे बिघाड आहेत. त्यातले दोन दुरुस्ती करताना तयार झालेत, आणि मूळचा तिसरा सेटिंगचा नाहीच. हिंगणा एमआयडीसीत बसून अशी कितीतरी खोकी मी उघडली आहेत. त्यातून अंगवळणी पडलेली एक गोष्ट सांगतो: स्क्रीनवर दिसतं ते मागितलेलं व्होल्टेज, मीटरवर दिसतं ते मिळालेलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जेव्हा "१३०० मिलिव्होल्ट" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो रजिस्टरमध्ये लिहिलेला आकडा वाचून दाखवत असतो. कपॅसिटरवर खरंच किती आहेत ते त्याला ठाऊक नसतं.

आधी १.४ व्होल्टचं बघू, कारण त्यात बोर्ड जाळायची सोय होती. तुम्ही लिहिलंय की कार्डावर ऑरेंज पाय पीसी या दुसऱ्या बोर्डाची इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) टाकली, "दोन्हींत एच३ च आहे" म्हणून. चिप एकच आहे हे खरं, पण सीपीयूला व्होल्टेज देणारी व्यवस्था वेगळी आहे. पीसीवर एसवाय८१०६ए नावाचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरवून देणारी चिप, असतो. तो आय-टू-सी या चिपांमधल्या दोन तारांच्या जोडणीवर हेक्स ६५ या पत्त्यावर बसतो आणि कर्नल त्याला बारीक पायऱ्यांत व्होल्टेज सांगू शकतो. वनवर तो नाही. तिथे साधा बक आहे आणि एका जीपीआयओने (चालू-बंद करता येणाऱ्या पिनने) त्याच्या दोनच पातळ्या बदलता येतात, १.१ किंवा १.३. तुमचा कर्नल पीसीची डिव्हाइस ट्री वाचून हेक्स ६५ वर हाका मारत बसलाय आणि तिथे कोणी राहतच नाही. रेग्युलेटर सापडत नाही म्हणून सीपीयू-फ्रीक्वेन्सीचा ड्रायव्हर सुरूच होत नाही. खात्री करायची असेल तर /सिस खाली सीपीयू-शून्यच्या फोल्डरात "सीपीयूफ्रेक" नावाचं फोल्डर आहे का बघा. माझ्या अंदाजाने नसेल. म्हणजे तुमचे १.४ व्होल्ट कुठेच पोहोचले नाहीत, आणि यात तुमचं नशीब जोरावर होतं.

मग सीपीयूला आत्ता किती मिळतात? बूटलोडर (कर्नलच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) जी पातळी सोडून गेला तीच, आणि घड्याळही त्यानेच लावलेलं. मुख्य कर्नलच्या एच३ टेबलात १००८ मेगाहर्ट्झला १.२ व्होल्ट हवेत, ८१६ ला १.१ पुरतात. म्हणजे घड्याळ १००८ वर आणि पातळी १.१ वर राहिली, तर थंड बोर्ड कसाबसा चालेल आणि गरम झाला, लोड आला की कधीही कोलमडेल. हे स्क्रीनवरून ठरवू नका, मीटर लावा. एच३ च्या आजूबाजूला काळ्या चौकोनी कॉइल दिसतील. काळी प्रोब ग्राउंडला ठेवा आणि लाल प्रोब प्रत्येक कॉइलच्या कपॅसिटरकडच्या टोकाला लावत जा. दीडच्या आसपास दिसलं तर ती मेमरीची, तिला सोडा. १.१ किंवा १.३ दिसलं तर तीच सीपीयूची असण्याची दाट शक्यता. प्रोबचं टोक घसरून दोन पाय एकत्र टेकले तर पुढचा प्रश्नच उरणार नाही, म्हणून टोकावर उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवा, फक्त एखादा मिलिमीटर उघडा ठेवा.

/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल ही फाइल वाचा. तिथे तुमच्या हातातल्या बोर्डाचं नाव नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. वनची इमेज नव्याने टाका. आणि त्या टेबलात पुन्हा १.४ लिहू नका. वनचा रेग्युलेटर १.३ च्या वर जात नाही हे कर्नलला तेव्हा ठाऊक असेल, म्हणून तो "हा ऑपरेटिंग पॉइंट रेग्युलेटरला झेपत नाही" अशी ओळ लॉगमध्ये टाकून ती पायरी गुपचूप वगळतो. मग बोर्ड हळू का चालतो म्हणून तुम्ही आणखी चार दिवस शोधत बसाल. मूळ टेबलात त्या ठिकाणी तीन आकडे असतात: हवे ते, कमीत कमी, जास्तीत जास्त. १.२, १.२, १.३ असं लिहिलेलं असतं. तो शेवटचा १.३ दोन पातळ्यांच्या बोर्डांना सामावून घेतो. जाणत्या माणसांनी विचार करून लिहिलेलं आहे, राहू द्या.

इमेज बदलल्यावर, कर्नलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या डीबग-एफएस खाली "रेग्युलेटर समरी" नावाची फाइल वाचायची सवय लावा. प्रत्येक रेग्युलेटरची एक ओळ असते: किती जण वापरतात, किती जणांनी उघडलाय, सध्या किती मिलिव्होल्ट, खालची आणि वरची हद्द. सीपीयूच्या ओळीत हद्द ११०० ते १३०० आणि वापरणारा किमान एक दिसला की समजा घर बरोबर लागलं. लॉगमध्ये "डमी रेग्युलेटर वापरतो" अशी ओळ दिसली तर घाबरू नका. ड्रायव्हरने सप्लाय मागितला, डिव्हाइस ट्रीत तो लिहिलेला नव्हता, म्हणून कर्नलने तो कायम चालू आहे असं गृहीत धरलं, एवढाच तिचा अर्थ. नव्वद टक्के वेळा ती निरुपद्रवी असते.

आता अर्ध्या मिनिटाचं कोडं. हे मला आवडलं, कारण वेळेनेच उत्तर सांगितलंय. काहीही बरोबर तिसाव्या सेकंदाच्या आसपास मरत असेल तर रेग्युलेटरकडे बघायचं. कर्नल बूट झाल्यावर तीसेक सेकंद थांबतो आणि मग ज्या रेग्युलेटरला कोणी वापरत नाही तो बंद करतो. लॉगमध्ये रेग्युलेटरचं नाव आणि पुढे "डिसेबलिंग" एवढंच येतं. तुम्ही मॉस्फेटसाठी "रेग्युलेटर-फिक्स्ड" नोड (डिव्हाइस ट्रीतली एक नोंद) लिहिला आणि त्यात "रेग्युलेटर-बूट-ऑन" टाकलं. नाव वाचून कोणालाही वाटेल की झालं काम. पण बूट-ऑनचा अर्थ फक्त सुरुवातीला चालू ठेवा एवढाच, वापरणारा म्हणून त्याची गणती होत नाही. तिसाव्या सेकंदाला कर्नलने हिशेब केला, या पाच व्होल्टचा कोणी वाली दिसला नाही, बंद.

आणि बोर्ड हँग झालेलाच नाही. तुम्ही डोंगलवरून लॉगिन करून बघत होता, डोंगलचाच वीजपुरवठा गेला. माणूस घरात ठणठणीत आहे, फक्त त्याचा फोन कापलाय. सिरियल कन्सोल लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. बोर्डावर तीन पिनांचा हेडर आहे, यूएसबी-टीटीएलच्या तीनच तारा लावा: टीएक्स, आरएक्स, ग्राउंड. वेग ११५२००. चौथी लाल तार मोकळी ठेवून तिच्यावर टेप गुंडाळा. ती जोडली तर लॅपटॉपमधून उलटा करंट बोर्डात शिरतो आणि सगळी मापं खोटी पडतात.

इलाज दोन आहेत. "रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन" लिहिलं तर डोंगल कायम चालू राहील, पण मग दुरून बंद-चालू करायचा तुमचा मूळ हेतू बुडतो. चांगला मार्ग म्हणजे त्या रेग्युलेटरला धनी मिळवून द्या. यूएसबी-फायच्या नोडमध्ये ज्या पोर्टाला डोंगल लावलंय त्या पोर्टाची व्हीबस-सप्लाय (पोर्टाचे पाच व्होल्ट) म्हणून त्याचं नाव लिहा. मग पोर्ट चालू असेपर्यंत तो चालू. कारण नक्की तेच आहे का याची चाचणी हवी असेल तर कर्नलच्या कमांड लाइनवर "रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड" टाकून एकदा बूट करा. अर्धं मिनिट उलटून डोंगल जिवंत राहिलं तर पक्कं समजा. ते तिथे कायमचं मात्र ठेवू नका.

यावरून माझं एक जुनं पाप आठवलं. दुसऱ्या एका बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीतून मी एका एलडीओचा (छोट्या रेग्युलेटरचा) नोड जसाच्या तसा उचलला. तिथे तो ३.३ व्होल्टचा होता, माझ्या बोर्डावर त्याच एलडीओवर १.८ चा सेन्सर होता. किमान आणि कमाल दोन्ही ३३००००० मायक्रोव्होल्ट. दोन्ही आकडे सारखे लिहिले की कर्नल रेग्युलेटरची नोंदणी होतानाच त्याला त्या व्होल्टेजवर नेतो, सेन्सरच्या ड्रायव्हरने मागायची वाटही बघत नाही. पहिल्या बूटलाच सेन्सर गरम झाला आणि गप्प झाला. दुसरा लावला, तोही गेला. तिसऱ्याच्या आधी मीटर लावला. तेव्हापासून मायक्रोव्होल्टमधली शून्यं मी बोट ठेवून मोजतो, आणि शेजारच्या बोर्डाचा नोड उचलला तर सर्किटचा कागद उघडा ठेवतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. हे शेवटी ठेवलं, कारण इथेच जास्त वेळ द्यायचा आहे.

टेबल आणि साइट यांत काय काय बदललं ते बघा. टेबलावर तुमचा बोर्ड कूलरसमोर होता. हो, हसू नका, आपल्याकडे मे महिन्यात जे काही टेस्ट होतं ते कूलरसमोरच होतं. टेबलावर केबल वीतभर होती, साइटवर दीड मीटर आहे. टेबलावर मोबाइलचा सिग्नल भरपूर होता. साइटवर बोर्ड पफ पॅनलच्या (मधे फोम भरलेल्या भिंतीच्या) दोन पत्र्यांमागे आहे. आणि टेबलाच्या बाजूला कॉम्प्रेसर नव्हता.

केबलचा हिशेब मांडू. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॉवर केबलीत बऱ्याचदा २६ गेजची तार असते, कधी २८ चीही. २६ गेजला मीटरमागे ०.१३४ ओहम. दीड मीटर जायचं आणि दीड मीटर यायचं, ग्राउंडची तारही तारच असते, हे लोक विसरतात. तीन मीटरचे ०.४ ओहम झाले. बोर्ड निवांत असताना ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे ०.१६ व्होल्ट पडले. बकवर ५.३ असतील तर बोर्डावर ५.१४, मीटर खूश, तुम्ही खूश. डोंगलने अपलोड सुरू केलं, चारही कोअर जागे झाले, १.८ अँपिअर झाले. पडले ०.७२. बोर्डावर उरले ४.५८. प्रीसेट पाचवर असता तर ४.२८ उरले असते. यूएसबीच्या यंत्राला पोर्टवर ४.७५ मिळावेत असा जुना संकेत आहे.

म्हणून ५.३ करणं हा इलाज नाही. पडणारं व्होल्टेज करंटबरोबर हलतं, तुम्ही वाढवलेलं मात्र जागच्या जागी राहतं. उद्या कोणी आणखी वाढवून ५.६ करेल आणि रात्री सगळं निवांत असताना डोंगलला जवळपास साडेपाच मिळतील. एखादं डोंगल ते पचवेल, एखादं नाही.

आता डोंगलचा स्वभाव. एलटीईवर मॉडेमची कमाल प्रक्षेपण शक्ती ०.२ वॅट असते. सिग्नल कमजोर होऊन सिम टूजीवर घसरलं, तर जीएसएम ९०० मध्ये तीच कमाल २ वॅट होते. आणि ती सलग नसते. ४.६ मिलिसेकंदांत एकदा, ५७७ मायक्रोसेकंदांचा झटका. जीएसएम मॉड्यूलची डेटाशीट काढा, सिम८०० सारख्याची, त्यात दोन अँपिअरच्या शिखराची तयारी ठेवायला सांगितलेली असते. यूएसबी डोंगलच्या आत कपॅसिटर असतात, त्यामुळे सगळं शिखर पाच व्होल्टवर उमटत नाही, पण बराच भाग येतो. पत्र्याच्या खोलीत बसलेलं डोंगल टॉवरला ओरडून बोलतं, आणि ओरडायला वीज लागते.

हा खड्डा मल्टिमीटरला दिसणार नाही. मिन-मॅक्सचं बटण दाबलंत तरी साधा मीटर सेकंदातून काही वेळाच नमुना घेतो, ५७७ मायक्रोसेकंद त्याच्या नजरेतून निसटतात. ऑसिलोस्कोप हवा. तुमच्याकडे नाही असं लिहिलंय, तर कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांकडून एक दिवसासाठी मागा, नाहीतर बोर्ड घेऊन माझ्याकडे या. प्रोब बोर्डावर डोंगलच्या यूएसबी कनेक्टरच्या पायांवर लावायचा, बकवर नाही. व्होल्टेज जिथे खर्च होतं तिथे मोजायचं. ट्रिगर उतरत्या कडेवर, ४.७५ व्होल्टला, नॉर्मल मोडवर. मगराच्या चिमट्याची लांब ग्राउंड तार काढून टाका आणि प्रोबबरोबर येणारी छोटी स्प्रिंग वापरा, नाहीतर शेजारच्या बकचा गोंगाटच दिसेल. मग डोंगलवरून मोठी फाइल अपलोड करा आणि त्याच वेळी स्ट्रेस-एनजी (सीपीयूवर मुद्दाम लोड टाकणारा प्रोग्रॅम) चालवा. स्क्रीनवर कंगव्यासारखे दात दिसले, ४.६ मिलिसेकंदांच्या अंतराने, की चोर सापडला.

स्कोप मिळालाच नाही तर वजाबाकीने शोधा. डोंगलला स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा पॉवर्ड हब द्या, बाकी काही हलवू नका, आणि दोन दुपारी थांबा. रीबूट थांबले तर डोंगलचा करंट दोषी. नाही थांबले तर डोंगल निर्दोष, पुढे बघा.

लॉगही बोलतो, पण काय ऐकायचं ते माहीत हवं. पाच व्होल्ट थोडे खाली गेले तर आधी डोंगल सुटतं, "यूएसबी डिसकनेक्ट" येतं आणि बोर्ड चालू राहतो. पाच व्होल्ट पार कोसळले तर काहीच येत नाही, मधल्या वाक्यात लॉग तुटतो आणि पुढची ओळ थेट बूटलोडरची. सीपीयूचं आतलं व्होल्टेज कमी असेल तर रीबूटआधी वेडेवाकडे प्रकार दिसतात: आज एका प्रोग्रॅममध्ये सेगमेंटेशन फॉल्ट, उद्या कर्नलचा ऊप्स (कर्नलचीच आतली चूक), प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही लॉगांत वाक्यं मधेच तुटली आहेत, म्हणून माझा कल पाच व्होल्ट कोसळण्याकडे आहे. एच३ च्या या बोर्डावर वेगळी पॉवर मॅनेजमेंट चिप नाही, त्यामुळे रीसेट कशाने झाला ते सांगणारी नोंद पॉवरच्या बाजूला शोधू नका. लॉग कार्डावर नको. सिरियलवरून लॅपटॉपमध्ये, वेळेच्या शिक्क्यासह घ्या.

पण मग दुपारीच का? दोन संशयित. पहिला आपला नागपूरचा उन्हाळा. नवतप्यात (सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पत्र्याच्या शेडखालचा बंद पॅनल आतून साठ अंशांच्या आसपास सहज जातो. तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, तीस अंश वाढले की ०.४ ओहमचे ०.४५ होतात. हे किरकोळ आहे. खरा मार बकला बसतो. १२ चे ५ करताना एलएम२५९६ ची कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास. नऊ वॅट द्यायला दोन वॅटच्या वर उष्णता त्या इवल्याशा पाटीवर. जाहिरातीत "३ अँपिअर" लिहिलेलं असतं, पण ते हीटसिंक आणि वाऱ्यासकट. जास्त तापला की त्याचं आतलं संरक्षण त्याला बंद करतं, थोडा गार झाला की पुन्हा चालू. बाहेरून ते रीबूटसारखंच दिसतं. शिवाय एलएम२५९६ च्या नावाखाली बाजारात काय काय मिळतं ते नागपूरच्या सीताबर्डी बाजारात खरेदी करणाऱ्या कोणालाही विचारा. अस्सल १५० किलोहर्ट्झवर चालतो. स्कोप आलाच असेल तर आउटपुट पायावर एकदा बघून घ्या. पन्नासच्या आसपास दिसला तर मॉड्यूल सरळ फेका.

दुसरा संशयित कॉम्प्रेसर. दुपारी बाहेर तापलं की तो जास्त वेळा चालू-बंद होतो, म्हणजे तुमच्या वेळेशी हाही जुळतो. मोठी मोटर सुरू होताना लाइन क्षणभर बसते. चांगला एसएमपीएस वीसेक मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झचं एक आवर्तन, तग धरतो. त्याहून लांब खड्डा असेल तर १२ व्होल्टच झोपतात. वर कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल सुटताना उंच टोकाचा झटका मारते, तो तारांतून किंवा हवेतून बोर्डाच्या रीसेटपर्यंत पोहोचतो. तपासायला सोपं आहे. डोंगल काढून ठेवा आणि साइटच्या इलेक्ट्रिशियनला सांगून, कॉम्प्रेसरच्या दोन सुरुवातींमधलं अंतर पाळून, सकाळच्या थंड वेळी पाच-सहा वेळा चालू-बंद करा. सकाळी, डोंगलशिवाय, आणि तरी रीबूट? मग कॉम्प्रेसर. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ दर्जाचा स्नबर (झटका शोषणारी जोडी) बसवायचा. ते काम इलेक्ट्रिशियनच करेल, तुम्ही २३० व्होल्टच्या पॅनलमध्ये हात घालू नका.

माझं भाकीत सांगू? तिन्ही थोडे थोडे असतील: केबल पन्नास पैसे, डोंगल तीस, ऊन वीस. आणि सुदैवाने पहिल्या दोघांवर एकच इलाज आहे. बक पॅनलमधून उचला आणि बोर्डाशेजारी न्या. दीड मीटर अंतर बारा व्होल्टला चालू द्या, पाचला नाही. त्याच केबलमधून आता एकाहून थोडा कमी अँपिअर जाईल, ०.३५ च्या आसपास व्होल्ट पडतील, बकला बाराऐवजी ११.६ मिळतील आणि त्याला त्याचं सोयरसुतक नाही. तो बाहेर पाचच देणार. तरी केबल बदलाच, ०.७५ चौरस मिलिमीटरची तार घ्या, दोन्ही टोकांना फेरूल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबा. बक ते बोर्ड ही तार वीतभरच ठेवा. या बोर्डाला वीज गोल डीसी जॅकमधूनच द्यायची. मायक्रो-यूएसबीतून तो चालत नाही, आणि त्या जॅकची चार मिलिमीटरची पिन नेमकीच बसायला हवी. नेहमीची ५.५ ची पिन कन्व्हर्टर लावून सैल बसवली तर नवा रोध विकत घेतल्यासारखं होईल.

मॉड्यूल प्रीसेटवालं नको, पाच व्होल्टला पक्कं केलेलं घ्या. प्रीसेटवालंच वापरायचं असेल तर भरलेल्या लोडवर ५.१ लावा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडा. कॉम्प्रेसरच्या थरथराटाने प्रीसेट सरकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

डोंगलजवळ एक मोठा कपॅसिटर द्या. एक अँपिअरची जादा भूक ५७७ मायक्रोसेकंद भागवायची आणि व्होल्टेज ०.२ पेक्षा जास्त पडू द्यायचं नाही, तर हिशेबाने २९०० मायक्रोफॅरड येतात. ३३०० चा, १० व्होल्टचा, कमी ईएसआरचा (आतल्या रोधाचा) आणि १०५ अंशांचा घ्या. ८५ अंशांचा आपल्याकडच्या पॅनलमध्ये दोन उन्हाळे काढत नाही. तो मॉस्फेटच्या आधी लावा. नंतर लावलात तर मॉस्फेट उघडताक्षणी रिकामा कपॅसिटर पाच व्होल्ट गिळेल आणि बोर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने रीबूट कराल. मॉस्फेटच्या गेटवरही थोडा आरसी (रोध आणि कपॅसिटर) टाकून तो हळू उघडू द्या, डोंगलच्या पोटातही कपॅसिटर आहेतच.

डोंगलला दोन मीटरची यूएसबी एक्स्टेंशन लावून पफ पॅनलबाहेर काढायचा मोह होईल. तसं केलंत तर केबलचा ड्रॉप दाराने घालवून खिडकीने आत घेतला. अँटेना बाहेर काढता येणारं डोंगल मिळतं, ते घ्या आणि फक्त अँटेनाची केबल बाहेर न्या. सिग्नल सुधारला की ते ओरडणं थांबेल.

तुमच्या सहकाऱ्याने रास्पबेरी पाय घेऊ का विचारलंय. घ्या, त्याचा एक फायदा खरा आहे: पाच व्होल्ट ४.६३ च्या खाली गेले की तो स्वतः ओरडतो, लॉगमध्ये अंडर-व्होल्टेज लिहितो. त्याच्या "गेट थ्रॉटल्ड" कमांडने हेक्समध्ये ५०००५ दिलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि वेग कापलाय. ५०००० दिलं तर आत्ता ठीक आहे, पण बूटनंतर कधीतरी दोन्ही घडून गेलंय. सकाळी बघून "ठीक आहे" म्हणणाऱ्यांना हे दुसरं उत्तर उपयोगी. पण तीच केबल आणि तोच बक ठेवलात तर रास्पबेरी पायही रीबूटच होईल, फक्त कारण सांगून होईल. पाय ५ घेतला तर त्याला ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा सप्लाय लागतो. ३ अँपिअरचा ओळखला तर तो यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, त्यात तुमचं डोंगल पुन्हा उपाशी.

एक गोष्ट राहिली: कार्ड. इतक्या वेळा मधेच वीज गेलेलं एसडी कार्ड मी पुन्हा वापरणार नाही. व्होल्टेज सगळं सुधारल्यावरही जुन्या कार्डावरच्या मोडक्या फाइलींमुळे बोर्ड अडखळेल आणि तुम्हाला वाटेल इलाज फसला. नवं कार्ड, वनची इमेज, शक्य असेल तर रूट फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती.

बक हलवायच्या आधी, आहे त्याच जोडणीवर, मला चार मापं पाठवा: एसएमपीएसच्या टोकाला, बकच्या आउटपुटला, बोर्डाच्या जॅकमागे आणि डोंगलच्या कनेक्टरवर. प्रत्येक ठिकाणी दोनदा, एकदा निवांत असताना आणि एकदा अपलोड चालू असताना, दुपारी तीनला. बकच्या चिपला बोट लावून किती सेकंद धरवतं तेही लिहा, बोटावर फोड येऊ न देता. आणि १२ व्होल्टच्या तारेत दोन अँपिअरचा फ्यूज आहे का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसला नाही. नसेल तर तेवढा आजच टाका.